जर्मनीचे सेमिस्टर तिकीट : नव्या विद्यार्थ्याच्या गरजेच्या दृष्टीने एक परीक्षण

जर्मनीत शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याचे पहिले वर्ष मोकळे जाईल की कोंडीत जाईल, हे ठरवणाऱ्या गोष्टींमध्ये मी सेमिस्टर तिकिटाला, म्हणजे विद्यापीठाच्या सत्रशुल्काबरोबर मिळणाऱ्या बस-रेल्वेच्या पासाला, फार वरचे स्थान देते. सुटीत भुसावळला घरी आले की जळगाव, फैजपूर, अमळनेर, धुळे या भागांतून जर्मनीला निघालेल्या मुलामुलींशी आणि त्यांच्या आईवडिलांशी माझे बोलणे होते. त्यांचे प्रश्न बहुतेक ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम दाखवण्याचे खाते), खोलीचे भाडे आणि अर्धवेळ काम यांभोवती फिरतात. प्रवासाबद्दल क्वचितच कोणी विचारते, कारण "तिकीट विद्यापीठाच्या शुल्कातच येते" एवढे त्यांनी कोठेतरी ऐकलेले असते. हे खरे असले तरी अपुरे आहे. हे तिकीट नेमके काय देते, कोठे अपुरे पडते आणि पहिल्या काही महिन्यांत त्याचा उपयोग कसा करावा, हे पश्चिम जर्मनीच्या रूर परिसरातील एका विद्यापीठात शिकताना मला जे अनुभवास आले, त्याच्या आधारे येथे लिहीत आहे. माझा कौल आधीच सांगते : पाचपैकी चार गुण. उरलेला एक गुण कशासाठी राखून ठेवला, तेही पुढे येईल.

या तिकिटाच्या देशभर चालणाऱ्या स्वरूपाचा इतिहास अलीकडचा आहे. २०२२ च्या जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांत जर्मन सरकारने, वाढत्या इंधनदरांचा भार हलका करण्याच्या हेतूने, दरमहा अवघ्या ९ युरोंत देशभर फिरता येईल असे तिकीट दिले होते. त्यानंतर १ मे २०२३ पासून दरमहा ४९ युरोंचे कायमस्वरूपी 'डॉइचलांड तिकीट' सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये त्याची किंमत ५८ युरो झाली आणि जानेवारी २०२६ पासून ती ६३ युरो आहे. विद्यार्थ्यांसाठीची आवृत्ती २०२४ च्या उन्हाळी सत्रापासून आली आणि तिची किंमत मूळ तिकिटाच्या ६० टक्के ठरवण्यात आली. म्हणजे मूळ दर ४९ युरो असताना विद्यार्थ्याला महिन्याला २९.४० युरो आणि सहा महिन्यांच्या सत्राला १७६.४० युरो पडत. ५८ युरोंच्या दराने हीच रक्कम सत्राला २०८.८० युरो झाली. आणि ६३ युरोंच्या दरावर हेच सूत्र लावले तर महिन्याला ३७.८० व सत्राला २२६.८० युरो होतात. जुन्या विद्यार्थ्यांनी सांगितलेला आकडा घेऊन घरी अंदाजपत्रक मांडले जाते आणि तेथे पोहोचल्यावर शुल्काची रक्कम वाढलेली दिसते, म्हणून हा हिशेब सविस्तर दिला.

ही रक्कम मोठी की लहान, याचे उत्तर पहिल्या महिन्यात आणि सहाव्या महिन्यात वेगवेगळे मिळते. सुरुवातीला प्रत्येक युरोचे रुपये करण्याची सवय सुटत नाही आणि दोनशे युरो म्हटले की घरच्या महिन्याच्या किराण्याचा आकडा डोळ्यांपुढे येतो. मात्र व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याचे ९९२ युरो, दाखवावे लागतात. त्या मासिक रकमेच्या तुलनेत तिकिटाचा खर्च चार टक्क्यांहूनही कमी भरतो. शहरातल्या शहरात एका फेरीचे सुटे तिकीट तीन युरोंच्या वर जाते, हे लक्षात घेतले तर वर्गाला, दुकानाला आणि कामाला जाणाऱ्या विद्यार्थ्याचे पैसे महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात वसूल होतात.

तिकिटावर चालणारी वाहने कोणती, ते नीट समजून घेतले पाहिजे. शहरातील बस आणि ट्राम, भुयारी रेल्वे म्हणजे ऊ-बान, उपनगरी रेल्वे म्हणजे एस-बान, तसेच एका शहरातून दुसऱ्या शहराला जाणाऱ्या आरबी आणि आरई या प्रादेशिक गाड्या, या सर्व देशभर चालतात. राज्याची सीमा आड येत नाही. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत मात्र हे तिकीट चालत नाही, आणि फ्लिक्सबस व फ्लिक्सट्रेन या खासगी सेवांतही नाही. प्रवास दुसऱ्या वर्गातून करावा लागतो आणि सायकल सोबत नेण्याची सोय तिकिटात धरलेली नसते. देशाची सीमा ओलांडल्यावर ते सहसा संपते. ऑस्ट्रियातील साल्झबुर्गच्या मुख्य स्थानकापर्यंत प्रादेशिक गाडीने जाता येते, अशा काही मोजक्या सवलती आहेत.

भुसावळहून जळगावला कॉलेजसाठी अपडाऊन केलेल्या कोणालाही मासिक पासची किंमत समजावून सांगावी लागत नाही. पण तो पास दोन स्थानकांना बांधलेला असतो. आपल्या एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना कोठेही नेते, तर ती चार किंवा सात दिवसांत संपते. जर्मनीच्या तिकिटात पासची नियमितता आणि एसटीच्या योजनेचा मोकळेपणा एकत्र आला आहे, आणि ही गोष्ट मला खरोखर आदराची वाटते. विद्यार्थी गरीब असतो, त्याच्याजवळ वेळ असतो आणि त्याला जग पाहायचे असते, हे ओळखून एखाद्या देशाने केलेली ही सोय आहे.

सेमिस्टर तिकीट ऐच्छिक नसते. ज्या विद्यापीठाने ही व्यवस्था स्वीकारली आहे, तेथील सर्व विद्यार्थी सत्रशुल्काबरोबर तिकिटाचे पैसे भरतात, आणि सर्वांनी भरले म्हणूनच ते एवढ्या कमी दरात मिळते. विद्यापीठाशेजारी राहणारे आणि सायकलने येणारे विद्यार्थी यावर नाराजी व्यक्त करतात. त्यांचे म्हणणे मी समजू शकते. परंतु परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर ही सक्ती हितकारक आहे असे माझे मत आहे. पहिल्या सत्रात खर्चाची भीती एवढी मोठी असते की ऐच्छिक असते तर आपल्याकडच्या अनेकांनी ते घेतलेच नसते, आणि मग खोली, वर्ग आणि जवळचे स्वस्त दुकान या त्रिकोणात वर्ष काढले असते.

याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा लाभ घराच्या शोधात होतो. विद्यार्थी वसतिगृहात जागा मिळण्यास अनेक शहरांत दीर्घ प्रतीक्षा करावी लागते, आणि खासगी खोल्यांची भाडी मोठ्या शहरांत परवडत नाहीत. प्रवासखर्चाचा प्रश्न सुटलेला असल्यामुळे विद्यापीठापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावरील लहान गावातही खोली शोधता येते, आणि तेथे भाड्यात जो फरक पडतो तो बहुधा तिकिटाच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक असतो. कामाचेही तसेच. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा आहे. गोदामांतील कामे अनेकदा शहराबाहेर असतात आणि रोज तेथवर जाण्याचा खर्च स्वतंत्र करावा लागला असता, तर त्या कमाईचा बराच भाग वाटेतच संपला असता. खोली घेताना फक्त एवढे पाहावे की रात्री शेवटची बस किती वाजता आहे आणि रविवारी ती धावते की नाही. नकाशावरचे अंतर पाहून घेतलेली खोली हिवाळ्यातील रविवारी फार दूर भासते.

आता उणिवांकडे येते, आणि त्यातली पहिली उणीव नव्या विद्यार्थ्याला अगदी दारातच भेटते. विद्यापीठांचे हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होते, तर बहुतेक विद्यार्थी सप्टेंबरमध्ये पोहोचतात. त्यामुळे ज्या आठवड्यांत सर्वाधिक धावपळ करायची असते, म्हणजे नगरपालिकेत पत्त्याची नोंद, बँकेतील खाते, आरोग्यविमा, खोल्या पाहणे, त्याच आठवड्यांत सेमिस्टर तिकीट अद्याप लागू झालेले नसते. नावनोंदणीची कागदपत्रे अपुरी राहिली आणि सत्रशुल्क उशिरा पोहोचले, तर ऑक्टोबरमधलेही काही दिवस असेच जातात. या काळासाठी पूर्ण किमतीचे साधे डॉइचलांड तिकीट घेता येते, पण ते वर्गणीच्या स्वरूपात असते आणि अनेक विक्रेते त्यासाठी युरोपातील बँक खात्यातून थेट रक्कम वळती करण्याची संमती मागतात. नुकत्याच उतरलेल्या विद्यार्थ्याजवळ ते खाते नसते. काही विक्रेते क्रेडिट कार्ड स्वीकारतात. म्हणून निघण्यापूर्वी घरीच बसून, परदेशी व्यवहारांसाठी सुरू केलेले कार्ड हाताशी ठेवून, कोणाकडे ते चालते हे पाहून ठेवावे.

वर्गणी बंद करण्याचा नियमही तितकाच महत्त्वाचा आहे. महिनाअखेर ती थांबवायची असेल, तर त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावे लागते. न कळवल्यास पुढच्या महिन्याचे पैसे वळते होतात. चोपड्याच्या एका विद्यार्थ्याचे ऑक्टोबरचे पैसे सेमिस्टर तिकीट हाती आल्यानंतरही असे कापले गेले होते, आणि विक्रेत्याशी जर्मनमध्ये पत्रव्यवहार करून ते परत मिळवण्याइतकी भाषा तेव्हा त्याला येत नव्हती. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पोहोचणाऱ्यांनी दोन महिन्यांची रक्कम हिशेबात धरूनच हा मार्ग घ्यावा, किंवा त्या दिवसांपुरती शहराची सुटी वा दिवसभराची तिकिटे काढावीत. परदेशी विद्यार्थ्यांची संख्या पाहता या पहिल्या आठवड्यांसाठी स्वतंत्र सोय व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात एकट्या भारतातील सुमारे ४९ हजार विद्यार्थी जर्मनीत होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांची संख्या सर्वाधिक होती. मी राखून ठेवलेल्या गुणाचा अर्धा भाग या उणिवेसाठी आहे.

जर्मनीतील स्थानकांवर आत शिरताना तिकीट तपासणारी फाटके नसतात. फलाटावर कोणीही जाऊ शकते, आणि यामुळे आपल्याकडच्या नव्या विद्यार्थ्याला तपासणी नसतेच असे वाटण्याचा संभव आहे. तपासनीस गाडीत येतात, ट्राममध्ये अनेकदा साध्या कपड्यांत असतात, आणि वैध तिकीट नसल्यास ६० युरोंची आकारणी होते. सेमिस्टर तिकीट वैयक्तिक असते; ते मित्राला देता येत नाही आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र सोबत लागते. मोबाइलवरील मूळ तिकीटच चालते, पडद्याचे छायाचित्र चालत नाही. आणि फोनची बॅटरी संपली तर तपासनिसाच्या दृष्टीने तुमच्याजवळ तिकीट नसते. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून पॉवर बँक ही चैनीची वस्तू समजू नये. तिकीट खरोखर होते हे नंतर दाखवून दिले, तर आकारणी ७ युरोंवर येते. त्यासाठी दिलेली पावती जपून ठेवावी आणि ठरलेल्या मुदतीत संबंधित कार्यालयात जावे.

या सर्व व्यवहारापलीकडे तिकिटाचा जो खरा ठेवा आहे, तो शहरे पाहण्यात आहे, आणि येथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. तिकिटाच्या नावात सारा जर्मनी असला, तरी त्याचे पूर्ण मोल घरापासून दोन तासांच्या परिघात मिळते, असे मी ठामपणे म्हणेन. नवा विद्यार्थी पहिल्या महिन्यात बर्लिन आणि म्युनिकच्या योजना आखतो, आणि शेजारच्या शहराचे स्थानक ओलांडूनही तो कधी उतरत नाही. डॉर्टमुंडसारख्या शहरात राहणाऱ्यासाठी तर हा परिघ असाधारण समृद्ध आहे, कारण रूर परिसरात शहरे एकमेकांना लागून आहेत आणि प्रादेशिक गाड्या दिवसभर धावत असतात.

एसेन येथील त्सोलफेराइन ही कोळशाची खाण हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. १९८६ मध्ये ती बंद झाली आणि २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत तिचा समावेश झाला. स्थानकावरून ट्रामने थेट तेथे जाता येते. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्राची धुरांडी लहानपणापासून पाहत आलेल्या माझ्यासारख्या मुलीला ती खाण पाहणे केवळ सहलीचा भाग वाटले नाही. कोळशावर जगलेल्या एका प्रदेशाने कोळसा संपल्यावर आपली यंत्रे मोडीत न काढता जपली, त्यांत संग्रहालये उभारली आणि परिसरात विद्यापीठे वाढवली. आपल्या भागातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी हे पुस्तकात वाचण्यापेक्षा तेथे उभे राहून पाहावे. तेथे जाण्यासाठी वेगळा पैसा लागत नसल्यामुळे पहिल्यांदा नुसते फिरून यावे आणि दुसऱ्यांदा संग्रहालयाचे तिकीट काढून आतील भाग पाहावा, असे करता येते. एकाच दिवसात सगळे उरकण्याची घाई या तिकिटाने संपवली आहे.

वुपर्टाल येथील टांगती रेल्वेही याच तिकिटावर चालते, हे अनेकांना ठाऊक नसते. १९०१ मध्ये सुरू झालेली ही रेल्वे वरच्या रुळाला लटकून, बऱ्याच अंतरापर्यंत वुपर नदीच्या पात्रावरून धावते. तिचा मार्ग १३.३ किलोमीटरचा आहे. पर्यटकांसाठीचा तो खेळ नाही. शाळेची मुले, बाजाराला निघालेल्या आजी आणि कामगार तिच्यात बसतात, आणि तिकीट आपले असल्यामुळे आपणही त्यांच्यातलेच एक असतो. नव्या देशात पाहुणेपणाची जी जाणीव सतत टोचत असते, ती अशा प्रवासात कमी होते.

कोलोनबद्दल थोडक्यात लिहिले तरी चालेल, कारण तेथे कोणीही जातेच. स्थानकाबाहेर पाऊल टाकताच १५७ मीटर उंचीचे कॅथेड्रल समोर उभे असते. त्याचे बांधकाम १२४८ मध्ये सुरू झाले आणि १८८० मध्ये पूर्ण झाले. गर्दीमुळे शनिवार टाळावा, एवढेच सांगेन. तेथून प्रादेशिक गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास बॉन येते, आणि बॉनला मराठी वाचकाने आवर्जून जावे. बेथोव्हेनचे जन्मस्थान म्हणून ते प्रसिद्ध आहे. पण आपल्यासाठी आणखी एक धागा आहे. येथील विद्यापीठात १८१८ मध्ये आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल या जर्मन विद्वानांची नेमणूक झाली आणि जर्मनीतील संस्कृतच्या विद्यापीठीय अध्यापनाचा पाया घातला गेला. १८२३ मध्ये त्यांनी भगवद्गीतेची संहिता लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केली. ऱ्हाइनच्या काठावरील त्या विद्यापीठाच्या पिवळ्या इमारतीसमोरच्या हिरवळीवर विद्यार्थी बसलेले असतात, आणि आपल्या भाषांच्या अभ्यासाला येथे दोनशे वर्षांची परंपरा आहे हे समजल्यावर परकेपणाची धार बोथट होते.

या तिकिटावरचा सर्वांत सुंदर प्रवास कोणता, असे कोणी विचारले तर मी कोब्लेंझ ते माइंझ हा ऱ्हाइनच्या डाव्या तीरावरचा मार्ग सांगेन. कोब्लेंझला मोझेल नदी ऱ्हाइनला मिळते. तेथून बिंगेनपर्यंतचे खोरे २००२ पासून जागतिक वारसा आहे. दक्षिणेकडे जाताना डाव्या बाजूची खिडकी धरावी, कारण नदी त्या बाजूला असते. बोपार्ड, सांक्ट गोआर, ओबरवेजेल, बाखाराख अशा लहान गावांत थांबत जाणारी संथ गाडी येथे जलद गाडीपेक्षा श्रेष्ठ ठरते. उतारांवरचे द्राक्षमळे, वळणावळणावरचे किल्ले आणि सांक्ट गोआरच्या पलीकडच्या तीरावरचा लोरेलाय कडा पाहताना, वाटेल तेथे उतरून तासाभराने पुढची गाडी पकडता येते. असे उतरण्याचे स्वातंत्र्य सुट्या तिकिटाने मिळाले नसते, किंवा मिळाले असते तरी विद्यार्थ्याने ते घेतले नसते.

अशा दिवसासाठी खाणे घरून नेणे शहाणपणाचे आहे. रविवारी दुकाने बंद असतात, मोठ्या स्थानकांवरील दुकाने उघडी असली तरी महाग असतात, आणि लहान गावात तेवढेही मिळत नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हा आपला प्रवासाचा जुना शिधा तेथेही तितकाच टिकतो. प्रादेशिक गाड्यांत खाण्यास सहसा हरकत नसते, काही शहरांच्या भुयारी रेल्वेत मात्र मनाई आहे. स्थानकावरील स्वच्छतागृहांत सुमारे एक युरो मोजावा लागतो, म्हणून गाडीतील सोय आधी वापरावी.

दूरच्या शहरांसाठी मात्र हे तिकीट मी सुचवणार नाही. डॉर्टमुंडहून बर्लिनला आयसीई साधारण साडेतीन तासांत पोहोचवते. प्रादेशिक गाड्यांनी तोच प्रवास अनेक ठिकाणी गाड्या बदलत जवळजवळ पूर्ण दिवस खातो. एखादी जोडगाडी चुकली की रात्र अनोळखी स्थानकावर काढावी लागण्याची शक्यता असते, आणि हिवाळ्यात ही शक्यता हलक्याने घेऊ नये. लांबच्या शहरासाठी जलद गाडीचे आगाऊ सवलतीचे तिकीट किंवा बस घ्यावी आणि सेमिस्टर तिकीट तेथे पोहोचल्यावर वापरावे. बर्लिनची ऊ-बान, म्युनिकची ट्राम, एवढेच काय, हॅम्बुर्गच्या बंदरातील सार्वजनिक फेरीबोटीही या तिकिटावर चालतात. परक्या शहरात उतरल्यावर यंत्रापुढे उभे राहून कोणता झोन, कोणते तिकीट हे कोडे सोडवावे लागत नाही, हा त्याचा गुण जाहिरातीत फारसा दिसत नसला तरी मोठा आहे.

उरलेला अर्धा गुण मी वेळापत्रकाच्या विश्वासार्हतेसाठी कापला आहे. जर्मनीतील रेल्वेमार्गांची मोठी दुरुस्ती सुरू आहे आणि त्यासाठी महत्त्वाचे मार्ग कित्येक महिने पूर्ण बंद ठेवले जातात. फ्रांकफुर्ट ते मानहाइम हा मार्ग २०२४ मध्ये जुलैच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत बंद होता; हॅम्बुर्ग ते बर्लिन मार्गाचे असेच काम ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले. अशा वेळी रेल्वेऐवजी बस सोडतात, फलकांवर त्यासाठी 'एसईव्ही' ही अक्षरे असतात आणि थांबा बहुधा स्थानकाबाहेर असतो. पर्यायी बसला दुप्पट वेळ लागू शकतो. दुरुस्ती आवश्यक आहे हे मला मान्य आहे. रेल्वेच्या गावात वाढल्यामुळे रुळांच्या देखभालीसाठी गाड्या थांबवाव्या लागतात, यात मला नवल वाटत नाही. पण परीक्षेच्या किंवा व्हिसा कार्यालयातील भेटीच्या दिवशी याचा फटका विद्यार्थ्यालाच बसतो. अशा दिवशी आधीची एक गाडी धरावी, आणि जर्मन रेल्वेच्या डीबी नेव्हिगेटरसारख्या ॲपमध्ये फक्त प्रादेशिक वाहतूक दाखवणारी निवड करून आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी मार्ग तपासावा. ती निवड केली नाही तर ॲप आयसीईचा मार्ग सुचवते आणि नवखा विद्यार्थी तिच्यात जाऊन बसतो.

गाडी मध्येच दुभंगते, ही आणखी एक गोष्ट आपल्याकडून जाणाऱ्यांना आधी सांगायला हवी. काही प्रादेशिक गाड्यांचा पुढचा भाग एका गावाला आणि मागचा भाग दुसऱ्या गावाला जातो. फलाटावरील फलकावर आणि डब्याच्या दारावर तसे लिहिलेले असते, घोषणा मात्र बहुधा जर्मनमध्येच होते. डब्यावरचे गाव वाचल्याशिवाय बसू नये. भाषेच्या दुसऱ्या-तिसऱ्या पातळीपर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याला या घोषणा कळू लागतात, आणि मला तरी जर्मन ऐकण्याचा सराव वर्गापेक्षा या डब्यांमध्ये अधिक झाला.

नोव्हेंबरपासूनचे महिने नव्या विद्यार्थ्याला जड जातात. डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास अंधार पडतो, दिवाळी होऊन गेलेली असते, घरी फोनवर सर्व ठीक असल्याचे सांगितले जाते आणि खोलीतून बाहेर पडण्यास कारण उरत नाही. या दिवसांत तिकिटाचा जो उपयोग होतो, त्याची किंमत युरोंत करता येत नाही. शेजारच्या शहरात शिकणाऱ्या धुळ्याच्या मैत्रिणीकडे संध्याकाळी जाऊन भरीत-भाकरी करणे, त्यासाठी ज्वारीचे पीठ मिळणारे दुकान दोन शहरे पलीकडे असले तरी तेथवर जाणे, कोठे मराठी मंडळींचा मेळावा असेल तर हिशेब न करता निघणे, हे सर्व पैसे आधीच भरलेले असल्यामुळे सहज घडते. प्रत्येक भेटीला पंधरा-वीस युरो लागले असते, तर आमच्यातील बहुतेकांनी ती भेट पुढच्या महिन्यावर ढकलली असती. खान्देशातून एकट्याने गेलेल्या मुलींच्या आईवडिलांना मी हे विशेष करून सांगते, कारण त्यांची चिंता मुलगी एकटी पडेल हीच असते.

प्रवेश स्वीकारण्यापूर्वी एक चौकशी अवश्य करावी. सर्व शिक्षणसंस्था या योजनेत नाहीत. अनेक खासगी संस्थांत सेमिस्टर तिकीट मिळत नाही, आणि तेथे विद्यार्थ्याला पूर्ण दराचे किंवा त्या राज्यात उपलब्ध असलेले अन्य सवलतीचे तिकीट स्वतंत्रपणे घ्यावे लागते. सल्लागार कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हा खर्च बहुधा दिसत नाही. संस्थेच्या संकेतस्थळावर सत्रशुल्काची फोड दिलेली असते. तिच्यात तिकिटाची ओळ आहे का, ती देशभराच्या तिकिटाची आहे की केवळ त्या भागापुरती, आणि कोणत्या सत्राचा दर दिला आहे, हे स्वतः वाचावे. दोन विद्यापीठांत निवड करायची असेल आणि बाकी सर्व तुल्यबळ असेल, तर देशभराचे तिकीट देणारे विद्यापीठ निवडावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

आईवडील उन्हाळ्यात भेटायला येणार असतील, तर विद्यार्थ्याच्या सेमिस्टर तिकिटावर त्यांना नेता येत नाही; त्यांच्यासाठी साधी डॉइचलांड तिकिटे प्रत्येकी ६३ युरोंना घ्यावी लागतात. ही तिकिटे कॅलेंडरच्या महिन्यासाठी असतात, म्हणून विमानाचे आरक्षण करताना शक्यतो महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोहोचण्याची तारीख निवडावी, आणि वर्गणी त्याच महिन्याच्या १० तारखेच्या आत बंद करावी. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे वयस्कर माणसांनाही सावकाश फिरता येते. ऱ्हाइनच्या काठची ती संथ गाडी त्यांना दाखवायची असेल, तर सकाळी लवकर निघावे आणि डावी खिडकी त्यांना द्यावी.